वाचणारं यंत्र आणि आपलं लिहिणं

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. चर्चेसाठी शेवटी मांडलेले प्रश्न तसेच ठेवले आहेत. वाचक-मैत्रिणींनी आपापल्या गटात ते जरूर घ्यावेत.)



विषय ऐकून काहीजणींना प्रश्न पडला असेल. पोटगीच्या केसेस पडून आहेत, रेशन कार्डावर बाईचं नाव चढत नाही, आणि आपण कॉम्प्युटर वाचायला कसा शिकतो यावर सकाळ का घालवायची? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका आता बऱ्याचदा आधी फोनला विचारून येतात. स्वतः नाही विचारलं, तर मुलीनं किंवा भाच्यानं विचारलेलं असतं. 'माहेरच्या जमिनीत माझा हिस्सा आहे का?', 'कितव्या महिन्यापर्यंत गर्भपात करता येतो?' उत्तर लगेच मिळतं, नीटनेटक्या भाषेत मिळतं आणि ठामपणे मिळतं. ते आलं कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. तलाठ्याला आपण विचारतो, 'कुठल्या नियमाखाली?' वकिलाला विचारतो, 'कुठलं कलम?' फोनलाही तसं विचारता यायला हवं. त्यासाठी यंत्राला माहिती कशी शिकवतात, हे थोडं समजून घेऊ. मी इंजिनिअर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. त्यामुळे गणितात न शिरता, आपल्या कामाशी जेवढं भिडतं तेवढंच सांगते.

यंत्राची शाळा

कॉम्प्युटरला जगाची माहिती द्यायची तर ती माणसांनी एकेक करून भरायची, असा पहिला विचार होता. अमेरिकेत डग्लस लेनट यांनी १९८४ मध्ये 'साइक' नावाचा प्रकल्प याच पद्धतीनं सुरू केला. पाऊस पडला की माणसं भिजतात, आई मुलापेक्षा वयानं मोठी असते, अशा साध्या साध्या गोष्टी जाणकार माणसं बसून लिहीत होती. वर्षानुवर्षं लिहिलं तरी जग काही संपेना.

मग दुसरी वाट निघाली. माणसांनी आधीच इतकं लिहून ठेवलंय, तर यंत्रालाच ते वाचू द्यावं. या वाटेवरचं एक महत्त्वाचं पाऊल एका बाईनं टाकलं, हे मुद्दाम सांगते. मार्टी हर्स्ट तेव्हा बर्कलीच्या विद्यापीठात संशोधक विद्यार्थिनी होती. १९९२ मध्ये तिनं दाखवलं की वाक्याचा अर्थ न कळताही त्यातून माहिती काढता येते. मराठीत सांगायचं तर 'ज्वारी, बाजरी यांसारखी धान्ये' हे शब्द घ्या. ज्वारी काय, बाजरी काय, यंत्राला ठाऊक नाही. पण 'यांसारखी' या शब्दाच्या आधी जे येतं ते नंतर येणाऱ्या शब्दाचे प्रकार असतात, एवढं त्याला सांगितलं की झालं. 'नाशिक, कोल्हापूर यांसारखी शहरे' हे वाचून ते शहरांची यादी करू लागतं. तिनं ही पद्धत एका ज्ञानकोशावर चालवून पाहिली आणि ती चालली.

पुढे इंटरनेट आलं आणि वाचायला अफाट मजकूर मिळाला. जानेवारी २०१० मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रणा सुरू केली. तिचं नाव 'नेल', म्हणजे कधीही न थांबता भाषा शिकणारी. तिला शहर, कंपनी, खेळाडू, पक्षी असे काहीशे प्रकार दिले. प्रत्येक प्रकाराची दहा-पंधरा उदाहरणं दिली आणि सुमारे ५० कोटी वेबपानं पुढ्यात ठेवली. काम असं चाले: माहीत असलेली शहरांची नावं कुठल्या शब्दांच्या सोबतीनं येतात ते शोधायचं. समजा, 'अमुकचे महापौर' हे शब्द वारंवार दिसले. मग तेच शब्द घेऊन नवी शहरं शोधायची. नव्या शहरांवरून आणखी नवे शब्द, त्या शब्दांवरून आणखी शहरं. रात्रंदिवस हेच.

पहिल्या ६७ दिवसांत तिनं २,४२,४५३ गोष्टी 'शिकल्या'. तपासल्यावर त्यांतल्या सुमारे ७४ टक्के बरोबर निघाल्या. म्हणजे चारातली एक चूक. आणि ही चूक एकटी राहत नाही. एक मजेशीर उदाहरण मिचेल यांनीच तेव्हा सांगितलं होतं. इंग्रजीत 'कुकी' म्हणजे बिस्किट. वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरवर जी छोटी नोंद ठेवते तिलाही 'कुकी' म्हणतात. नेलनं 'इंटरनेट कुकी' भट्टीत भाजलेल्या पदार्थांत टाकली. मग लोक 'मी कुकीज पुसल्या' असं लिहितात तसंच 'मी फाइली पुसल्या' असंही लिहितात, हे तिला दिसलं. झालं! फाइलीही खाऊच्या यादीत गेल्या. एका चुकीवर उभं राहून दुसरी चूक शिकायची, हा या पद्धतीचा मूळ दोष आहे. म्हणूनच शास्त्रज्ञांना मध्ये मध्ये हात घालून चुका काढाव्या लागत. २०१८ पर्यंत नेलकडे १२ कोटींहून जास्त 'समजुती' जमल्या होत्या, पण त्यांतल्या थोड्याच भागावर तिचा स्वतःचा पक्का भरवसा होता. आपल्या ज्ञानाला 'समजुती' म्हणणं हा तिचा प्रामाणिकपणा होता. शिवाय कुठली समजूत कशावरून झाली, हे तिच्याकडे तपासता येत असे.

आज आपल्या फोनमध्ये जी यंत्रं बोलतात, ती नेलची पुढची पिढी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ती घरोघरी पोचली. ती माहितीची यादी करत नाहीत. अफाट मजकूर वाचून, कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हे शिकतात. माहिती त्या शिकण्यात साखर पाण्यात विरघळावी तशी विरघळलेली असते. गोडी लागते, पण कुठला दाणा कुठल्या पोत्यातला ते सांगता येत नाही. काही यंत्रं आता उत्तर देताना इंटरनेटवर शोधतात आणि आधार दाखवतात, तेवढी सोय झाली आहे. पाया मात्र तोच राहिला: जे पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वेळा लिहिलंय, ते यंत्र चटकन शिकतं.

स्टोव्हचा भडका

आता आपल्या अनुभवाकडे येते. 'पुष्कळ वेळा लिहिलंय म्हणजे खरं' या गोष्टीशी आपली चळवळ कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून भांडते आहे.

१९८०च्या सुमाराची वर्तमानपत्रं आठवा. तरुण मैत्रिणींनी आपल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना विचारा. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. आतल्या पानावर चार ओळी. पोलिसांच्या पंचनाम्यात तेच, नातेवाइकांच्या जबाबात तेच, बातमीत तेच. त्या काळातला सगळा छापील मजकूर एखाद्या यंत्राला वाचायला दिला असता तर ते काय शिकलं असतं? स्टोव्ह ही धोक्याची वस्तू आहे, आणि ती बहुतेक वेळा लग्न होऊन थोडी वर्षं झालेल्या सुनांवरच भडकते. तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली सापडली, म्हणून यंत्रानं ती पक्की मानली असती. प्रत्यक्षात ती तिन्ही ठिकाणं एकाच घरातल्या माणसांचं ऐकून लिहीत होती.

ते 'तथ्य' कुणी मोडलं? बायकांनी. स्टोव्ह सासूवर का भडकत नाही, मुलावर का भडकत नाही, असं त्या विचारत राहिल्या. मोर्चे निघाले, पथनाट्यं झाली, माहेरच्यांना जबाब द्यायला उभं केलं. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं. तेव्हा कुठे कागदावरचा शब्द बदलला.

आजही पेपर उघडा. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. या वाक्यात खुनाचं कारण बायकोचं चारित्र्य ठरतं. हजार वेळा हे वाचणाऱ्या यंत्राला कारण आणि सबब यांतला फरक कोण सांगणार?

हा नुसता अंदाज नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गूगलवरच्या बातम्या वाचून शब्दांची नाती शिकलेली एक यंत्रणा तपासली. ते मजकूर काही गावगप्पा नव्हते, संपादकांच्या हाताखालून गेलेल्या बातम्या होत्या. यंत्राला विचारलं, पुरुषाला जसा प्रोग्रामर तशी बाईला कोण? उत्तर आलं, गृहिणी. २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. अमेझॉन कंपनीनं नोकरीचे अर्ज चाळणारं यंत्र बनवलं होतं. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवले, ते बहुतांश पुरुषांचे होते. मग ते यंत्र अर्जात 'महिला' हा शब्द दिसला, म्हणजे 'महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार' असं लिहिलेलं असलं, की गुण कापू लागलं. कंपनीला ते बंद करावं लागलं. यंत्राला कुणी 'बायका नकोत' असं शिकवलं नव्हतं. त्यानं जगाचा कागद वाचला, बस्स.

जे लिहिलंच जात नाही

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. लिहिलेल्यात खोट असते हे झालं. पण मुळात जे लिहिलंच जात नाही त्याचं काय?

२०१३ मध्ये दोन संशोधकांनी, गॉर्डन आणि व्हॅन डर्म यांनी, एक साधी गोष्ट मोजली. इंटरनेटवरच्या मजकुरात माणसानं श्वास घेतल्याचे उल्लेख कमी आणि खून झाल्याचे जास्त! निव्वळ वाचून जग शिकणाऱ्या यंत्राला वाटावं की माणसं श्वास घेण्यापेक्षा खून जास्त करतात. कारण उघड आहे. रोज होतं ते कुणी लिहीत नाही, वेगळं घडलं तर लिहितात.

आता सांगा, रोज होतं आणि कुणी लिहीत नाही, असं आपल्या घरात काय असतं? पाणी भरणं, भाकऱ्या थापणं, सासऱ्याचं दुखणं काढणं, पोराचा अभ्यास. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. बाईची जवळजवळ पाच तासांची रोजची मेहनत, आणि अर्जावर धंद्याच्या रकान्यात काय असतं? 'काही नाही, घरकाम.' यंत्र अर्ज वाचतं, भाकरी पाहत नाही.

न लिहिण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे बाईचं नाव 'नोंद घेण्याजोगं' न वाटणं. डोना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या शास्त्रज्ञ बाईंना २०१८चं भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्या दिवशी सकाळपर्यंत इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचं पान नव्हतं. काही महिन्यांपूर्वी कुणी ते लिहून पाहिलं होतं, पण पुरेसे आधार नाहीत म्हणून ते नाकारलं गेलं. आजही इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत बायकांची चरित्रं साधारण पाचातलं एक. आणि विकिपीडिया हे तर या यंत्रांचं आवडतं क्रमिक पुस्तक.

तिसरी तऱ्हा आपल्याला सरळ झोंबणारी आहे. २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी यंत्राला शिकवण्यासाठी इंटरनेटवरचा मजकूर 'स्वच्छ' करून एक प्रचंड संग्रह बनवला. स्वच्छ कसा केला? वाईट शब्दांची एक तयार यादी होती. त्यातला एक शब्द जरी पानावर आला तरी ते अख्खं पान बाद. त्या यादीत शिव्या आहेत, तशी बाईच्या अवयवांची साधी नावं आहेत, लैंगिकता हा शब्द आहे, बलात्कार हा शब्द आहे. म्हणजे अश्लील पानांबरोबर आरोग्याची माहिती देणारी पानं गेली, बलात्काराविरुद्ध लिहिणाऱ्यांची पानं गेली. समलिंगी व्यक्तींबद्दलचा मजकूर जास्त प्रमाणात गाळला गेला, हे २०२१च्या एका तपासणीत दिसलं. 'असलं बोलू नये' हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. यंत्रालाही तेच वळण लावलं!

आणि भाषा? इंटरनेटवरचा जवळजवळ अर्धा मजकूर इंग्रजीत आहे, मराठीचा एक टक्काही नाही. त्यातही आपला मजकूर नाहीच म्हणा. चळवळीचे जुने अंक, पत्रकं, शिबिरांचे अहवाल ट्रंकेत पडले आहेत. जे कॉम्प्युटरवर टाइप झालं, ते श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटमध्ये. तो मजकूर बाहेर नेला की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात, यंत्राला एक शब्द लागत नाही. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापलं गेलं आणि नंतर विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, तेव्हा ते आपल्यापर्यंत पोचलं. छापलेलं असूनही जवळजवळ शंभर वर्षं ते वाचणाऱ्यांच्या हाती नव्हतं. आपल्या कामाचं तसं होऊ द्यायचं का, हे आपल्यालाच ठरवायचंय.

माहितीला तारीख असते

आता सल्ला केंद्रातल्या त्या दोन प्रश्नांकडे येऊ.

माहेरच्या जमिनीतला हिस्सा. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत. ११ ऑगस्ट २०२० ला, विनीता शर्मा खटल्यात, न्यायालयानं ती अट काढून टाकली. मधल्या पाच वर्षांत 'वडील हयात हवेत' असं सांगणारे लेख, वकिलांचे सल्ले, बातम्या यांचा ढीग झाला. तो ढीग अजून इंटरनेटवर तसाच आहे. यंत्रानं ढीग वाचून उत्तर दिलं, तर भावाला हवं तेच उत्तर मिळेल.

गर्भपाताचं तसंच. १९७१च्या कायद्यात मर्यादा २० आठवड्यांची होती आणि पन्नास वर्षं तीच लिहिली गेली. २०२१च्या दुरुस्तीनं बलात्कारित, अल्पवयीन, विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या अशा काही गटांतल्या बायकांसाठी ती २४ आठवडे झाली. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितांनाही त्यातून वगळता येणार नाही असं सांगितलं. बावीसाव्या आठवड्यात असलेल्या मुलीला फोननं 'उशीर झाला' असं सांगितलं, तर ती दवाखान्याऐवजी कुणाकडे जाईल, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ४९८-अ सुद्धा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालंय. जुना कायदा कित्येक वर्षांच्या मजकुरात, नवा थोड्याशा. मोजणी केली तर जुनाच जिंकणार.

समाजकार्याच्या शिक्षणात केस-रेकॉर्ड लिहायला शिकवतात. बाई काय म्हणाली ते एकीकडे, कार्यकर्तीनं स्वतः काय पाहिलं ते दुसरीकडे, तिचं मत तिसरीकडे, आणि वर तारीख. या चार गोष्टी एकत्र कालवल्या की रेकॉर्ड कामातून जातं. वाचणारं यंत्र नेमकं हेच करतं. कुणी म्हटलं, कधी म्हटलं, पाहून म्हटलं की ऐकून, हे सगळं एका भांड्यात कालवून आपल्याला वाढतं. म्हणून बाईनं फोनवरचं उत्तर दाखवलं की तिला हसू नका, रागावू नका. तिच्याबरोबर बसून तीन प्रश्न विचारा: हे कुणाचं म्हणणं, कुठल्या तारखेचं, कुठल्या कलमाचं? आधार उघडून बघा. नसेल तर ते उत्तर ऐकीव समजा.

मग आपण लिहायचं का?

इथे आपल्यात मतभेद होतील, व्हावेत. एक बाजू म्हणते, आपलं सगळं इंटरनेटवर टाकू, म्हणजे यंत्र आपलं म्हणणं शिकेल. दुसरी म्हणते, कंपन्यांना फुकट का द्यायचं? घरातलं काम फुकट, आता चळवळीचं लिखाणही फुकट! या आक्षेपात तथ्य आहे. यंत्राला घाण ओळखायला शिकवण्यासाठी केनियातल्या कामगारांना तासाला दोन डॉलरहूनही कमी पैशांत अत्याचारांची वर्णनं वाचायला लावली, हे २०२३ मध्ये बाहेर आलं. आपण ज्या यंत्राला शिकवू ते असंही उभं राहिलंय, हे विसरून चालणार नाही.

माझं म्हणणं असं आहे: कायदा आणि इतिहास लिहू, बायकांची आयुष्यं नाही.

कायद्याची, योजनांची, आरोग्याची माहिती आपल्या मराठीत लिहू. प्रत्येक पत्रकावर तारीख घालू आणि कायदा बदलला की जुनं पत्रक तसंच न ठेवता त्यावर ठळक लिहू, 'हे आता लागू नाही'. जुन्या अंकांचे नुसते फोटो न टाकता ते युनिकोडमध्ये टाइप करून घेऊ, लेखिकांची परवानगी विचारून. कॉलेजातल्या मुलींना हे काम देता येईल. ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती आधी आपल्या अंकात छापू, कारण विकिपीडियाला प्रकाशित आधार लागतो आणि तो आधार आपणच तयार केला पाहिजे.

पण बाईनं विश्वासानं सांगितलेली हकीगत इंटरनेटवर जाता कामा नये. लैंगिक अत्याचारग्रस्त बाईची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे आपण जाणतो. नाव बदललं की झालं, असं आपण समजतो. गाव, जात, वर्ष आणि नवऱ्याचा धंदा या चार गोष्टी राहिल्या तर शेजारीणही ओळखते. तुकडे जोडणं हेच ज्याचं काम, त्या यंत्राला काय अवघड? आणि यंत्रानं एकदा वाचलेलं परत काढून घेणं जवळजवळ अशक्य असतं. फाइल जाळता येते, शिकलेलं जाळता येत नाही. हाच नियम केसची माहिती फोनमधल्या यंत्रात टाकून अर्ज लिहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांनाही लागू आहे. अर्ज लिहून घ्या, नाव-गाव मात्र नंतर हातानं भरा.

चर्चेसाठी तीन प्रश्न ठेवते आणि थांबते. आपल्या केंद्रातलं कुठलं पत्रक २०२१च्या आधीचं आहे आणि अजून वाटलं जातंय? आपल्या संस्थेचा पहिला दहा वर्षांचा मजकूर कुणाच्या घरी, कुठल्या अवस्थेत आहे? आणि येणाऱ्या बाईच्या परवानगीशिवाय तिच्याबद्दलचा एक शब्दही कुठल्याही यंत्रात जाणार नाही, असा लेखी नियम आपण आज संध्याकाळपर्यंत करू शकतो का? गट पाडू या.